फुल रिअल ठेवलं तर पोरं पळतात, सोपं केलं तर चिडतात

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मागून येणाऱ्याला पण कळेल. चाळीसगावचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा विचारतोय, आमचा चौदा जणांचा ग्रुप आहे, दर शनिवारी रात्री असेटो कोर्सा या कार रेसिंगच्या कॉम्प्युटर गेमवर स्वतःच्या सर्व्हरला रेस लावतो. तिघांकडे स्टिअरिंग व्हील, दोघं कीबोर्डवर, बाकी सगळे कंट्रोलरवाले, म्हणजे हातात धरायचा गेमपॅड. स्टिअरिंगवाले म्हणतात सगळं फुल रिअल ठेवा, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) बंद, डॅमेज (धडकेने गाडीची मोडतोड) शंभर टक्के, नाहीतर ही काय लहान पोरांची गेम आहे का. तसं ठेवलं की मोन्झा ट्रॅकच्या पहिल्या वळणावरच सहा गाड्या भंगारात, आणि गेल्या शनिवारी शेवटी चारच जण उरले. सोपं केलं की ते तिघं येतच नाहीत. तर रिअलिझम नेमका किती ठेवायचा?

माझं सांगतो म्हणजे कुठून बोलून राहिलो ते कळेल. जळगावात चार सीटचं छोटं रेसिंग पार्लर आहे माझं, त्याच्या आधीपासून गाड्यांचे मोड (गेममध्ये बाहेरून टाकायच्या गाड्या) बनवतो, मध्ये दोन वर्षं पुण्याच्या एका छोट्या स्टुडिओसाठी गाड्यांचं हँडलिंग ट्यून करायचं काम केलं आणि २०२० च्या लॉकडाऊनपासून जळगाव-धुळे-भुसावळकडच्या पोरांची एक लीग चालवतो. म्हणजे गाडी बनवणारा, चालवणारा आणि भांडणं सोडवणारा असे तिन्ही रोल केलेत. तिसरा सगळ्यात अवघड.

तर भो, रिअलिझम म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नाही, की तीनवर ठेवू का पाचवर. त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या ग्रुपमध्ये त्या तिन्हींची खिचडी झालीये. एक, गाडी कशी वागते. दोन, गाडी काय करतेय ते चालवणाऱ्याला किती कळतं. तीन, चूक झाली की पुढे काय होतं. तुमचे स्टिअरिंगवाले पहिलीच्या नावाने मागतायत आणि बाकीची पोरं पळतायत ती तिसरीमुळे, आणि दुसरीकडे तर कोणाचंच लक्ष नाही.

दुसरीपासून सुरू करतो कारण सगळं तिथून सुटतं. तू चाळीसगावचा, म्हणजे कन्नडचा घाट तुला मी काय सांगू. पावसात रात्री उतरताना वळणावर मागचं चाक जरा जरी सरकलं ना, तर डोळ्यांना दिसायच्या आधी बुडाला कळतं. सीट हलकी झाल्यासारखी वाटते, कानात काहीतरी होतं आणि हात आपोआप उलटा फिरतो, विचार नंतर येतो. आता तीच गाडी तंतोतंत तशीच गेममध्ये टाक. तू प्लास्टिकच्या खुर्चीत बसलायस, खुर्ची काही हलत नाही, मागचं चाक सुटलंय हे तुला स्क्रीनवर रस्ता तिरका झाल्यावर कळणार, तोवर गाडी गेली. म्हणजे गाडीचं गणित शंभर टक्के खरं असूनही ती चालवायला खऱ्या गाडीपेक्षा अवघड झाली. अवघड म्हणजे रिअल, हा जो समज आहे ना पोरांचा, तो इथेच मोडतो.

म्हणून चांगल्या सिम्युलेटरमध्ये पण थोडं खोटं घालावं लागतं. टायरचा ओरडण्याचा आवाज घे. खऱ्या रेसिंगच्या स्लिक (बिनखाचांच्या) टायरचा हेल्मेटच्या आत, इंजिनच्या गोंगाटात एवढा स्पष्ट आवाज येत नाही, गेममध्ये तो वाढवून ठेवतात कारण पकड संपत आली हे सांगायला दुसरा रस्ता नाही. स्टिअरिंगवाल्याला फोर्स फीडबॅक मिळतो, म्हणजे स्टिअरिंगमधली मोटर हाताला जोर जाणवून देते, स्टिअरिंग हलकं पडलं की त्याला कळतं पुढचं टायर घसरायला लागलंय. कंट्रोलरवाल्याला थोडं थरथरणं मिळतं. कीबोर्डवाल्याला काय मिळतं, घंटा. त्यात त्याचा ब्रेक एकतर शून्य नाहीतर शंभर, मधलं काहीच नाही. आणि कंट्रोलरची ती काडी अंगठ्याने इकडून तिकडे दोन सेंटिमीटर हलते, तिकडे साधं लॉजिटेकचं जी-२९ घेतलं तरी ९०० अंश फिरतं. म्हणून तर असेटो कोर्सासारख्या सिम्युलेटरमध्ये सुद्धा कंट्रोलरसाठी स्टिअरिंगचा वेग, फिल्टर, गॅमा असल्या सेटिंग दिल्यात, मशीन तुझ्या अंगठ्याचा अर्थ लावून स्टिअरिंग हळू फिरवतं. ही पण एक प्रकारची मदतच झाली, फक्त तिला कोणी असिस्ट म्हणत नाही. तेव्हा ‘सगळ्यांची एबीएस बंद, सगळे समान’ हा नियम कागदावर समान आहे. एकाला पायाने ब्रेक किती दाबला ते मोजता येतं आणि दुसऱ्याला बटण आहे.

बरं, एबीएस बंद म्हणजे रिअल हे तरी कुठे खरंय? जीथ्री वर्गाच्या (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या) खऱ्या रेस गाड्यांमध्ये एबीएस पण असतं आणि ट्रॅक्शन कंट्रोल (ॲक्सेल दिल्यावर चाक घसरू न देणारी सोय) पण, ड्रायव्हर रेस चालू असताना ते कमीजास्त करत असतात. फॉर्म्युला वनमध्ये २००८ पासून ट्रॅक्शन कंट्रोल बंद आहे, एबीएस तर त्याच्याही आधीपासून नाही. म्हणजे गाडी कोणती त्यावर आहे. असेटो कोर्साच्या सर्व्हर फाईलमध्ये एबीएससमोर तीन आकडे चालतात, ० म्हणजे कोणालाच नाही, १ म्हणजे ज्या गाडीला कंपनीतूनच आहे तिला, २ म्हणजे सगळ्यांना. तुमचे तिघं ० ला रिअल म्हणून राहिले, खरं रिअल १ आहे. हे त्यांना दाखव, निम्मं भांडण तिथेच संपेल (किंवा वाढेल, पोरांवर आहे).

आता गाडीच्या वागण्याचं. माझा पहिला मोड मारुती ८०० चा होता. हसू नका, ७९६ सीसी, बारा इंचाची चाकं, त्या गाडीवर अख्ख्या खान्देशाने ड्रायव्हिंग शिकलंय. वजन, गिअर रेशो, सस्पेन्शन सगळं मापून टाकलं, टायरची फाईल मात्र इकडून तिकडून उचलून भरली. टेस्टिंगला धुळ्याच्या एका पोराला दिला, तो दोन लॅप मारून म्हणे, ‘दादा, हाई गाडी नही, भिंगरी शे.’ मला राग आला, म्हटलं तुला चालवता येत नाही, रिअल गाडी अशीच असते. एवढं म्हणून थांबलो असतो तर बरं, पण डोक्यात किडा, म्हणून पहिल्या पावसात मामाची खरीखुरी ८०० घेऊन एमआयडीसीच्या मागच्या रिकाम्या मैदानावर गेलो आणि ओल्या मातीत गोल गोल फिरवली. तर गाडी फिरतच नाही! स्टिअरिंग कितीही वळवा, नाक पुढे ढकलत सरळ जाते, ॲक्सेल सोडला की हळूच परत वळायला लागते. घसरते, पण सांगून घसरते.

चूक कुठे होती ते सांगतो, थोडं टेक्निकल आहे. वळताना टायर जिकडे तोंड करून असतं आणि प्रत्यक्ष जिकडे चाललेलं असतं त्या दोन दिशांमध्ये थोडा कोन पडतो, त्याला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढतो तशी पकड वाढते, एका ठिकाणी शिगेला पोचते आणि मग कमी व्हायला लागते. साध्या रस्त्याच्या टायरला ती शिगेची जागा बऱ्यापैकी रुंद असते आणि पुढची उतरण हळू. टायरच्या फाईलमध्ये या उतरणीला फॉलऑफ म्हणतात, माझ्या फाईलमध्ये ती कड्यासारखी होती, शिगेवरून पाय सरकला की थेट दरीत. ती उतरण सपाट केली आणि गाडी एका फटक्यात चालवायला सोपी झाली आणि खऱ्या गाडीच्या जवळ पण गेली. तेव्हापासून मी कोणी ‘रिअल करू का खेळता येईल असं करू’ विचारलं की आधी विचारतो, तुझं रिअल खरंच रिअल आहे का नुसतं चिडकं आहे. तुमच्या लीगमध्ये जर कुठूनतरी उतरवलेल्या फुकटच्या मोड गाड्या असतील तर हे आधी बघा, त्यातल्या बऱ्याच भिंगऱ्याच असतात.

आता तिसरी गोष्ट, शिक्षा. माझं मत एका ओळीत सांगायचं तर गाडी खरी ठेवा, शिक्षा खोटी ठेवा.

डॅमेज शंभर टक्के ठेवण्यामागचा विचार मला कळतो. खऱ्या ट्रॅकवर माणूस घाबरून असतो, गाडी ठोकली तर पैसे जातात, हाडं मोडतात. गेममध्ये भीतीच नाही म्हणून पोरं बैलासारखी घुसतात, मग डॅमेजने ती भीती आणायची. पण होतं काय, की मागून येऊन ठोकणारा आणि ज्याला ठोकलं तो दोघांची गाडी सारखीच मोडते. ज्याची काही चूक नव्हती तो पहिल्या मिनिटाला संपला, आता पुढची चाळीस मिनिटं तो काय करणार, दुसऱ्यांची रेस बघणार? दोन शनिवार बघेल, तिसऱ्या शनिवारी शेवभाजी खायला जाईल. माझ्या लीगच्या पहिल्या सीझनला हेच झालं, सोळा जणांनी सुरू केलं आणि महिन्याभरात पाच उरलो, त्यात एक मी.

आयरेसिंग या ऑनलाईन रेसिंग सिम्युलेटरवाल्यांनी यावर जो उपाय केलाय तो मला आवडतो. तिथे ट्रॅकच्या बाहेर चाकं गेली की १ पॉइंट, गाडी सुटून फिरली तर २, दुसऱ्याला जोरात धडकलास तर ४, आणि चूक कोणाची हे सिस्टम ठरवतच नाही, दोघांनाही लागतात. ऐकायला अन्याय वाटतो पण त्यामुळे लोक दुसऱ्याच्या चुकीपासून पण लांब राहायला शिकतात, जसं आपण हायवेवर झुलत चाललेल्या ट्रॅक्टरपासून राहतो. ते पॉइंट तुझ्या सेफ्टी रेटिंगमधून जातात, म्हणजे मोठा हिशोब आजच्या रेसमध्ये नाही, पुढे कोणासोबत आणि कोणती गाडी चालवायला मिळेल त्यात होतो. ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट या गेमने पण २०१७ ला असंच केलं, वेगाचं रेटिंग वेगळं आणि वागण्याचं वेगळं.

तुम्हा चौदा जणांना एवढी सिस्टम म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मी साधी वही ठेवलीये. रेस झाली की रिप्ले बघायचा, ज्याने उगाच ठोकलं त्याच्या नावापुढे फुली. तीन फुल्या झाल्या की पुढच्या शनिवारी क्वालिफाइंग (सुरुवातीचा नंबर ठरवणारी फेरी) कितीही भारी असू दे, सुरुवात शेवटच्या नंबरवरून. शिक्षा होते पण आजची रात्र कोणाची खराब होत नाही, आणि आठवडाभर ग्रुपवर त्याची जी खेचतात ती वेगळी. डॅमेज मी २० टक्के ठेवतो, भिंतीला घासलं तर गाडी थोडी वाकडी चालते, रेस संपत नाही. नवीन पोरं असली तर पहिला महिना सरळ शून्य.

रिप्लेवरून आठवलं, नेटवर्कचं बोलायलाच हवं, कारण ऑनलाईन रेसमध्ये फुल रिअल टक्कर होऊच शकत नाही आणि हे तुमच्या तिघांना माहीत नसणार. असेटो कोर्सा तुझ्या गाडीचं गणित सेकंदाला ३३३ वेळा करतो. पण दुसऱ्यांच्या गाड्या कुठे आहेत याची देवाणघेवाण सर्व्हरवर डिफॉल्टला सेकंदाला फक्त १८ वेळा होते, आणि ती पण वाटेत वेळ खाऊन येते. मधल्या वेळात तुझं मशीन अंदाज लावतं, की हा मघाशी या वेगाने सरळ चालला होता म्हणजे आता इथे असेल. हिशोब करून बघ, १८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ५० मीटर जाते, तुम्हा दोघांमध्ये १०० मिलिसेकंदांचा फरक असला तर ५ मीटर झाले. गाडीच चार मीटरची असते.

म्हणजे पुढच्याने ब्रेक मारला तरी तुझ्या स्क्रीनवर तो क्षणभर अजून पळतोय, मग मशीनला खरी बातमी येते आणि ती गाडी झपकन मागे येते, तुझ्या नाकावर. तुला वाटतं त्याने मुद्दाम ब्रेक मारला, त्याला वाटतं तू आंधळा आहेस. दोघं आईशपथ सांगतात आणि दोघं खरं बोलतायत, दोघांच्या रिप्लेमध्ये वेगवेगळं दिसतं! मी आधी यावर तासतास कोर्ट भरवायचो, आता दोघांचे रिप्ले बघतो आणि शंका असली की फुली नाही. आणि असल्या टकरीवर तुम्ही शंभर टक्के डॅमेज लावता, म्हणजे जी धडक झालीच नाही तिच्यासाठी गाडी फोडता. तुमचा सर्व्हर कुठे आहे ते तू लिहिलं नाहीस, युरोपात भाड्याने घेतला असेल तर आधी मुंबईचा घे. माझ्या घरून मुंबईला पिंग (बातमी जाऊन परत यायचा वेळ, मिलिसेकंदांत) तीसच्या आत येतो, युरोपला दीडशेच्या वर जातो. आणि तो १८ चा आकडा ३० कर, सगळ्यांचं नेट बरं असेल तर.

नेट आणि लाईट ही आपल्याकडची खरी रिअलिटी. मे महिन्यात भुसावळच्या पोराची लाईट जाते ती शेवटच्या लॅपलाच जाते, हा निसर्गनियम आहे. मोठ्यांचं पण चुकत नाही, २०२३ च्या व्हर्च्युअल ले मॉन्समध्ये (ले मॉन्सच्या चोवीस तासांच्या रेसची ऑनलाईन आवृत्ती) फॉर्म्युला वन चॅम्पियन मॅक्स वेरस्टॅपनची टीम पुढे होती आणि कनेक्शन तुटलं, गडी जाहीरपणे भडकला होता. म्हणून चाळीस मिनिटांची एक रेस नको, पंधरा-पंधराच्या दोन लाव. एकीत काही झालं तरी दुसरी आहे.

आता तुमचा मुख्य तिढा, ते तिघं. माझा अनुभव असाय की त्यांना एबीएस बंद हवं असतं असं नाही, त्यांना हवं असतं की आपण वीस-तीस हजार घालून, रोज सराव करून जे कमावलंय ते दिसावं. ते चूक नाही. मारिओ कार्टसारखं मागच्याला भारी हत्यार देऊन पुढच्याला खाली खेचलं तर ते पळणारच, कारण तिथे कसबाचा अपमान वाटतो. (मारिओ कार्ट वाईट नाही हां, घरी बायको-पोरांबरोबर आम्ही तेच खेळतो.) मग करायचं काय, तर वजन टाकायचं. सर्व्हरच्या एंट्री लिस्टमध्ये प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे बॅलास्ट असतो, किलोमध्ये. जिंकणाऱ्याला पुढच्या रेसला ३० किलो, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १०. गाडीचं गणित तेच, टायर तेच, फक्त गाडी जड, ब्रेक थोडा आधी मारावा लागतो. आणि हे खोटं पण नाही, ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत २०२१ पर्यंत खरोखर जिंकणाऱ्याच्या गाडीत वजन टाकायचे. लपूनछपून गेम कोणाला मदत करत नाही, आकडा सगळ्यांना दिसतो, उलट ३० किलो घेऊन जिंकला तर पोरगा आठवडाभर छाती काढून फिरतो.

एका बाबतीत मात्र मी उलट सांगेन, की रिअल सोडा. टायरची झीज. पंधरा मिनिटांच्या रेसला झीज खऱ्याइतकी ठेवली तर टायरला काही होतच नाही, म्हणजे आकडा रिअल पण रेसमध्ये टायर वाचवायचा विचारच नाही. झीज ३०० टक्के कर, मग जो पहिल्या पाच मिनिटांत टायर घासून टाकतो तो शेवटी गळतो आणि मागून शांत डोक्याने चालवणारा कंट्रोलरवाला पुढे येतो. मोठ्या रेसची मजा छोट्या वेळात हवी असेल तर आकडा खोटाच ठेवावा लागतो.

यातलं बरंच तुमच्यावर आहे हे पण सांगतो. चौदाच्या चौदा जण स्टिअरिंगवाले असते, आठवड्याला पाच-सहा तास सराव करणारे असते तर मी म्हटलं असतं डॅमेज वाढवा, एबीएस गाडीप्रमाणे, तासाची रेस लावा, मजा येते. फक्त शनिवारी रात्री जेवण करून तासभर बसणारी पोरं असतील तर त्यांचा सरावच ती रेस आहे, त्यांना चुका करायला जागा लागते. तुमचा ग्रुप मिसळीचा आहे म्हणून मी मधलं सांगून राहिलो.

तर या शनिवारी एवढं कर. मोन्झा लिस्टमधून काढून टाक, लांब सरळ पट्टा आणि त्याच्या शेवटी ती चिंचोळी उजवी-डावी, नवीन पोरांना पहिल्या लॅपला तिथे एकत्र सोडणं म्हणजे एसटीच्या दारात सगळ्यांनी एकदम घुसणं. मॅजिओनेसारखा छोटा ट्रॅक घे, गाडी हळू आणि हलकी, अबार्थ ५०० किंवा माझदा एमएक्स-५, म्हणजे वेग कमी आणि नेटवर्कची चूक पण मीटरमध्ये कमी. एबीएस १, आणि फक्त त्या दोन कीबोर्डवाल्यांसाठी २ करायची सोय सर्व्हरला नाही, सगळ्यांनाच लागू होते, तेव्हा त्यांना कुठूनतरी जुना कंट्रोलर मिळवून द्या, वर्गणी काढा. डॅमेज शून्य किंवा २०. पहिल्या वळणापर्यंत कोणी ओव्हरटेक करायचा नाही हे तोंडी ठरवून घ्या. उलट्या क्रमाने सुरुवात करायची सोय सर्व्हरमध्ये आहे पण ती एवढ्यात नको, महिनाभर तरी.

आणि त्या तिघांना आधी काही समजावायला जाऊ नकोस, सरळ पहिल्या रेसनंतर जो जिंकेल त्याच्या नावापुढे ३० टाक आणि गप बस. काय म्हणतो ते इथे येऊन लिही.